सही कुणाची?

या वर्षीच्या अंकाचा विषय ‘हद्द’ असं संपादकांचं पत्र आलं, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सीमाप्रश्न असावा. मला मात्र दिल्लीच्या शाळा आठवल्या. इथे रस्ता ओलांडला की शाळेचा मालक बदलतो. त्याच्याबरोबर तिजोरी बदलते, मास्तरांच्या बदल्यांचे नियम बदलतात आणि तक्रार कुणाच्या टेबलावर न्यायची तेही बदलतं. म्हटलं, राजधानीतली ही हद्द पायी फिरून बघू.

सुरुवात मंदिर मार्गावरून केली. बिर्ला मंदिरामुळे हा रस्ता पर्यटकांना ठाऊक आहे, पण दिल्लीकर त्याला ओळखतात तो शाळांमुळे. हारकोर्ट बटलर, रायसीना बंगाली, तमिळ शिक्षण संस्थेची शाळा, सेंट थॉमस अशी रांगच आहे. यांतल्या बहुतेक अनुदानित. म्हणजे इमारत आणि व्यवस्थापन संस्थेचं, पगाराचा मोठा वाटा दिल्ली सरकारचा. आपल्या पहाडगंजच्या नूतन मराठी शाळेचा संसारही याच पद्धतीचा. इथून गोल मार्केटकडे वळलं की पेशवा रोड लागतो. दिल्लीत नवा आलेला मराठी माणूस या पाटीसमोर हमखास फोटो काढतो. त्याच रस्त्यावर नवयुग शाळा आहे, आणि तिचा मालक वरच्या यादीत बसत नाही. तिचा मालक नवी दिल्ली नगरपालिका परिषद, बोलीभाषेत एनडीएमसी.

शाळा सुटायच्या वेळी फाटकासमोर उभं राहावं. मुलांना न्यायला येणाऱ्यांत मंत्र्यांच्या बंगल्यांमागच्या खोल्यांत राहणाऱ्या बाया असतात, ड्रायव्हर असतात, माळी असतात, कुठल्या तरी मंत्रालयात शिपाई असलेला एखादा बाप असतो. साहेबांची मुलं इथे नसतात. कारकुनांचीही फारशी नसतात, कारण बदलीच्या नोकरीतला केंद्र सरकारी कर्मचारी केंद्रीय विद्यालयात खटपट करतो. देशातल्या सर्वांत महागड्या जमिनीवर, त्या जमिनीच्या उत्पन्नातून, तिथे घरकाम करणाऱ्यांची मुलं शिकतात. हे चित्र पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला फार आवडलं. पुढे हिशेब बघितला तेव्हा आवड थोडी सावध झाली.

बेचाळीस चौरस किलोमीटरची श्रीमंती

दिल्लीचं क्षेत्रफळ 1,483 चौरस किलोमीटर. त्यातलं जेमतेम 42.7 एनडीएमसीचं. राष्ट्रपती भवन, संसद, सर्वोच्च न्यायालय, चाणक्यपुरीतल्या वकिलाती, कॅनॉट प्लेस, खान मार्केट, सरोजिनी नगर हे सगळं त्यात आलं. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती 2,57,803 भरली. तेव्हाच्या दिल्लीची लोकसंख्या एक कोटी सदुसष्ट लाखांच्या वर होती. म्हणजे महाराष्ट्रातल्या एखाद्या मध्यम शहराएवढी ही नगरपालिका, आणि नवयुग धरून चाळीसेक शाळा. बालवर्गापासून बारावीपर्यंत सगळं एकाच घरात.

ही नगरपालिका वीज विकते, पाणी विकते, मालमत्ता कर घेते. बाजारांतल्या गाळ्यांचं आणि हॉटेलांच्या जागांचं भाडं वेगळंच. ताज मानसिंग हॉटेलचं उदाहरण इथे कुणालाही विचारा, तोंडपाठ असतं. त्या जागेचा तेहतीस वर्षांचा करार 2011 मध्ये संपला. मुदतवाढी आणि कोर्टकचेऱ्या झाल्या आणि 2018 मध्ये लिलाव झाला. टाटांनी हॉटेल राखलं, पण महिन्याला 7.03 कोटी रुपये परवाना शुल्क कबूल करून. एका हॉटेलचं एका महिन्याचं भाडं सात कोटी. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

पैसा असला की शाळेत काय दिसतं? भिंतींना रंग असतो, संडासात पाणी असतं, वर्गात डिजिटल फळा असतो. एनडीएमसीचं नाव जानेवारी 2016 मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या वीस शहरांत आलं, त्याचा वाटा वर्गांपर्यंत पोचला. मला मात्र त्याहून मोलाची वाटली ती न दिसणारी गोष्ट. इथल्या मास्तरांची बदली झाली तरी कुठे होणार? मोती बागेतून लोधी रोडला, लोधी रोडहून गोल मार्केटला. हद्दच एवढीशी. तिकडे महानगरपालिकेच्या शिक्षिकेची बदली नरेल्याहून बदरपूरला झाली तर रोजचे चार तास मेट्रोत आणि बसमध्ये जातात. लहान कारभाराचा हा फायदा कुठल्याही अहवालात सापडत नाही, पण शिक्षकांच्या खोलीत दहा मिनिटं बसलं की कळतो.

मतदार नसलेली नगरपालिका

आता या श्रीमंत घराचा कर्ता कोण? 1994 च्या कायद्याने चालणाऱ्या या परिषदेची निवडणूक होत नाही. अध्यक्ष केंद्र सरकार नेमतं, तो सनदी अधिकारी. सोबत काही अधिकारी, काही नामनियुक्त सदस्य, आणि हद्दीत मतदारसंघ येतो म्हणून आमदार व खासदार. अरविंद केजरीवाल मुख्यमंत्री होते तेव्हा नवी दिल्लीचे आमदार या नात्याने याच परिषदेत सदस्य म्हणून बसत. नगरसेवक ही जातच इथे नाही. शाळेचं छत गळतंय म्हणून ज्याचा दरवाजा वाजवावा असा गल्लीतला माणूस नाही. तक्रार करायची तर पालिका केंद्रावर, संसद मार्गावरच्या त्या उंच इमारतीत.

लोकशाहीवर भाषण द्यायची इथे इच्छा होते, पण थांबावं लागतं, कारण शाळा बऱ्या चालतात. पालकांना विचारलं तर नगरसेवक नसल्याची खंत कुणीच सांगत नाही. पुस्तकं वेळेवर येतात, मास्तरांचे पगार थकत नाहीत. शेजारच्या घरात सगळे निवडून आलेले होते आणि तिथे काय झालं ते लवकरच सांगतो.

एक मेख मात्र आहे. 1973 मध्ये एनडीएमसीने नवयुग शाळा काढल्या. गरीब घरांतल्या हुशार मुलांना वेचून चांगलं शिकवायचं, हा हेतू. त्यासाठी वेगळी सोसायटी, खर्च परिषदेचा. त्यामुळे एकाच मालकाच्या दोन प्रकारच्या शाळा झाल्या. साध्या आणि नवयुग. साध्या शाळांना पुढे ‘अटल आदर्श विद्यालय’ असं नाव मिळालं, पण पालकांच्या मनातली प्रतवारी पाट्यांनी बदलली नाही. नवयुगचे निकाल चांगले लागत गेले आणि परिषद ते अभिमानाने सांगत राहिली. पण वेचून घेतलेल्या मुलांच्या निकालात शाळेचा वाटा किती आणि वेचण्याचा किती? शिक्षण हक्क कायदा 2010 मध्ये लागू झाला. त्याने प्रवेशासाठी मुलांची चाळणी करायला बंदी घातली आणि नवयुगच्या मूळ कल्पनेखालची वीटच हलली. माझं मत विचाराल तर बरं झालं. सार्वजनिक पैशाने चालणाऱ्या शाळेने मूल निवडू नये, जे दारात येईल ते शिकवावं.

मुलंच कमी झाली

दुसरी अडचण पैशाने सुटणारी नाही. 2001 च्या जनगणनेत एनडीएमसीची वस्ती तीन लाख दोन हजार होती, दहा वर्षांत ती पंचेचाळीस हजारांनी घटली. झोपडपट्ट्या हलवल्या गेल्या. मग 2016 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सात जुन्या सरकारी वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. त्यात सरोजिनी नगर, नेताजी नगर आणि नौरोजी नगर आले. दोन मजली पिवळी क्वार्टर्स पाडून टॉवर उभे करायचे, काही जागा व्यापारी वापराला विकून त्यातून खर्च काढायचा, अशी योजना. झाडांच्या कत्तलीवरून 2018 मध्ये गदारोळ झाला आणि उच्च न्यायालयाने तोड थांबवली, ते अनेकांना आठवत असेल. झाडांसाठी लोक रस्त्यावर उतरले. त्याच क्वार्टर्समधून मुलंही गेली, हे कुणाच्या फलकावर नव्हतं. वसाहतीतल्या प्राथमिक शाळेचं पोट भरत होतं ते या घरांवर, आणि क्वार्टर्समागच्या खोल्यांत राहणाऱ्या कुटुंबांवर. नव्या टॉवरमध्ये येणारा अधिकारी आपलं मूल या शाळेत घालेल, असं मानायला मला कारण दिसत नाही.

मग वर्ग भरतात ते हद्दीबाहेरच्या मुलांनी. बाप कॅनॉट प्लेसला कामाला येतो, येताना मुलाला सोडतो. म्हणजे एनडीएमसीची शाळा म्हणून जी मोजली जाते, तिच्यातली कित्येक मुलं रात्री दुसऱ्याच पालिकेच्या हद्दीत झोपतात. कुणी याला फुकटेपणा म्हणेल, मी शहाणपण म्हणेन.

पाच कोटींची रेघ

हद्दीबाहेरची ती दुसरी पालिका म्हणजे दिल्ली महानगरपालिका. इथली पाटी ‘निगम प्रतिभा विद्यालय’ किंवा ‘निगम प्राथमिक विद्यालय’. दीड हजारांहून अधिक शाळा, फक्त पाचवीपर्यंत. 1957 च्या महापालिका कायद्याने प्राथमिक शिक्षण हे तिचं बंधनकारक काम ठरवलं आहे. सहावीपासून पुढे दिल्ली सरकारचं शिक्षण संचालनालय, त्याच्या सुमारे हजार शाळा. त्यांतल्या सर्वोदय शाळांत पहिलीपासूनचे वर्गही आहेत, पण बहुसंख्य गरीब मुलांचा प्रवास निगममधून सुरू होतो.

2012 मध्ये या महानगरपालिकेचे तीन तुकडे केले: उत्तर, दक्षिण, पूर्व. कारभार जवळ येईल असं कारण होतं. दक्षिणेकडे श्रीमंत वस्त्या आणि मॉल गेले, पूर्वेकडे यमुनापार. कर गोळा होणार तो जमिनीच्या भावाने, मुलं मात्र जिथे घरं स्वस्त तिथे. पुढची दहा वर्षं उत्तर आणि पूर्व पालिकांतल्या शिक्षकांचे पगार महिनोन्‌महिने थकत राहिले, संप झाले, उच्च न्यायालयात याचिका झाल्या. दिल्ली सरकार म्हणे आम्ही देणं दिलं, पालिका म्हणे दिलं नाही. 22 मे 2022 ला तीन घरं पुन्हा एक झाली.

डिसेंबर 2022 मध्ये निवडणूक झाली, 250 नगरसेवक आले, आम आदमी पक्षाला बहुमत मिळालं. आता तरी सुरळीत व्हावं! पण भांडण लागलं स्थायी समितीवरून. अठरा सदस्यांची ही समिती म्हणजे पालिकेचा खरा खिसा. मोठ्या रकमेचं कंत्राट तिच्या मंजुरीशिवाय देता येत नाही. तिचे बारा सदस्य विभागीय समित्यांतून येतात, आणि त्या समित्यांत नायब राज्यपालांनी नेमलेल्या दहा सदस्यांना मत असतं. मग नायब राज्यपालांनी हे दहा जण दिल्ली सरकारला न विचारता नेमावेत का, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. निकाल राखून ठेवला गेला आणि लांबला. समिती बनली नाही.

एप्रिल 2024 मध्ये नवं वर्ष सुरू झालं, तेव्हा निगमच्या शाळांतल्या मुलांच्या हातात पुस्तकं नव्हती. ‘सोशल ज्युरिस्ट’ या संस्थेची जनहित याचिका उच्च न्यायालयात आली. आयुक्तांनी सांगितलं ते साधं होतं. पाच कोटींच्या वरचं कंत्राट मला देता येत नाही, तो अधिकार स्थायी समितीचा, आणि समिती अस्तित्वात नाही. वह्यापुस्तकांचे आणि गणवेशाचे पैसे बँकेत घालायचे, तर दोन लाखांवर मुलांची बँक खातीच नाहीत. अधिकार तात्पुरते वाढवायला राज्य सरकारची संमती हवी, आणि मुख्यमंत्री तुरुंगात. न्यायालय संतापलं. 29 एप्रिलच्या आदेशात त्याने आयुक्तांना पाच कोटींच्या मर्यादेत न अडकता खर्च करायला सांगितलं, लेखापरीक्षणाच्या अधीन राहून.

आता ताज मानसिंगचा आकडा काढा. एका हॉटेलच्या एका महिन्याच्या भाड्यापोटी शेजारची पालिका सात कोटी घेते, आणि इथे लाखो मुलांच्या पालिकेत पाच कोटींच्या वर सही करायला माणूस नाही. पैसा नव्हता असंही नव्हे, अडलं होतं ते सहीपाशी. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 5 ऑगस्ट 2024 ला नायब राज्यपालांच्या बाजूने लागला. समिती प्रत्यक्ष उभी राहायला जून 2025 उजाडला. निवडणुकीनंतर अडीच वर्षं. डिसेंबर 2022 मध्ये तिसरीत असलेलं मूल तोवर निगमची शाळा संपवून बाहेर पडलं होतं.

मुंबई-पुण्याच्या वाचकाने यावर फार हसू नये. तुमच्याही महापालिकांची मुदत मार्च 2022 मध्ये संपली आणि पुढे वर्षानुवर्षं प्रशासकच शाळांचाही अर्थसंकल्प मांडत राहिले. म्हणजे काही काळ तुम्ही सगळे एनडीएमसीतच राहत होता, फक्त ताजचं भाडं नव्हतं. छावणी मंडळांचंही तसंच. दिल्ली छावणीच्या शाळा संरक्षण मंत्रालयाच्या छत्राखाली आणि मंडळाचा अध्यक्ष लष्करी अधिकारी, जसा देवळाली किंवा खडकीत. देशभरातल्या छावणी मंडळांच्या निवडणुका 2023 मध्ये जाहीर झाल्या आणि महिन्याभरात रद्दही झाल्या.

बँकेत जाणारी शिक्षिका

खात्यात थेट पैसे ही कल्पना कागदावर निर्मळ आहे. मधला खाऊ माणूस नको. निगमच्या शाळेत ती कशी चालते ते बघावं. मुलाचं आधार कार्ड हवं, त्यावरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळायला हवं, पालकाबरोबर खातं हवं. बिहारहून दोन महिन्यांपूर्वी आलेल्या घराकडे पत्त्याचा पुरावा नसतो. खातं उघडलं तरी दीर्घकाळ व्यवहार झाला नाही की ते गोठतं. या सगळ्याची जबाबदारी वर्गशिक्षिकेची. शाळेच्या वेळात ती याद्या करते, पालकांना फोन करते, बँकेत रांग लावते. वर मतदारयाद्यांचं काम आहेच. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग तेवढा वेळ शेजारच्या बाई सांभाळतात, म्हणजे दोन्ही वर्ग बुडतात.

दिल्ली सरकारच्या शाळांत 2015 नंतर एक चांगली गोष्ट झाली. इमारत, सफाई, दुरुस्ती बघायला इस्टेट मॅनेजर नेमले, त्यात निवृत्त लष्करी माणसंही आली, आणि मुख्याध्यापक नळाच्या तोट्यांमधून सुटले. शाळा व्यवस्थापन समित्यांच्या निवडणुका घेतल्या, सोळा जणांत बारा पालक, आणि समितीच्या हातात थोडा निधी दिला. त्या सरकारच्या जाहिरातबाजीचा मला कंटाळा होता, पण या दोन गोष्टींना मी पूर्ण मार्क देतो. लहान रकमेची सही शाळेतच होऊ लागली की पंखा एप्रिलमध्ये दुरुस्त होतो, ऑगस्टमध्ये नाही. निगमच्या प्राथमिक शाळांकडे हा वारा पोचला नाही. घर वेगळं होतं.

पाचवीची यादी

दिल्लीत गरीब पालकांच्या तोंडी ‘प्लान एडमिशन’ हा शब्द असतो. निगमची प्रत्येक शाळा जवळच्या एखाद्या सरकारी शाळेला जोडलेली असते. पाचवी झालेल्या मुलांची यादी निगमची शाळा पाठवते आणि एप्रिलमध्ये मूल सहावीत जाऊन बसतं. अर्ज नाही, धावपळ नाही. सोय उत्तम. पण यादीत नाव, जन्मतारीख, आधार असतं. मुलाला वाचता येतं का, याचा रकाना नसतो.

2016 मध्ये दिल्ली सरकारने आपल्या सहावीच्या मुलांची चाचणी घेतली. 74 टक्के मुलांना स्वतःच्याच हिंदी पुस्तकातला उतारा वाचता आला नाही. 46 टक्क्यांना दुसरीच्या पातळीची गोष्टही जमली नाही. सरकारने ‘चुनौती’ योजना आणली, वाचनाच्या पातळीनुसार सहावी ते आठवीचे गट पाडले. 2018 मध्ये ‘मिशन बुनियाद’ आलं, त्यात निगमच्या शाळाही घेतल्या. आकडे बाहेर आले तसं बोट दाखवणंही सुरू झालं: ही मुलं आमच्याकडे अशीच आली. ते खरंही होतं. पण पाच वर्षं तिकडे बसलेलं मूल ज्या गल्लीत राहतं ती गल्ली एकच, आणि तिथले मतदारही दोन्ही घरांना तेच.

सहावीतली ही उधारी वसूल होते नववीत. आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण असताना सगळे पुढे सरकत, नववीत एकदम भिंत. 2023-24 मध्ये दिल्लीच्या सरकारी शाळांत नववीत एक लाखाहून अधिक मुलं नापास झाली. याच व्यवस्थेचा 2020 चा बारावीचा निकाल जवळपास 98 टक्के होता आणि रस्तोरस्ती फलक लागले. दोन्ही आकडे खरे आहेत. बारावीला बसतो तो नववीच्या भिंतीवरून उडी मारलेला विद्यार्थी. फलकावर तो दिसतो, मागे राहिलेला पत्राचार विद्यालयात किंवा मुक्त शाळेत जातो, नाहीतर बापाबरोबर कामाला. म्हणून बारावीच्या टक्केवारीवरून दोन शाळा-कारभारांची तुलना करणाऱ्याला मी आधी विचारतो, तुमच्याकडे पहिलीत किती होते?

एनडीएमसीत ही सबब चालत नाही, कारण पहिली आणि बारावी एकाच घरची. मूल तिसरीत वाचत नसेल तर सहावीची बाई दुसऱ्या मालकाकडे बोट दाखवू शकत नाही, तिला जिना उतरून खाली जावं लागतं. चाळीस शाळांच्या या छोट्या कारभारातली मला सर्वांत घेण्यासारखी वाटलेली गोष्ट ही आहे. डिजिटल फळे त्यानंतर.

तीन घरं, एक पक्ष

निगमच्या शाळा दिल्ली सरकारकडे द्याव्यात, अशी सूचना अधूनमधून येते. शिक्षक घाबरतात ते सेवाज्येष्ठतेला. दोन याद्या एकत्र झाल्या की कोण कुणाच्या वर? पालिका घाबरते ती जमिनीला, कारण शाळांची आवारं हीच तिची शहरातली मोठी मालमत्ता. दिल्ली सरकार घाबरतं ते पगाराच्या बोजाला. 2024-25 मध्ये त्याने 76,000 कोटींच्या अर्थसंकल्पातले 16,396 कोटी शिक्षणाला ठेवले होते, पण दीड हजार शाळांचा संसार अंगावर घ्यायला कुठलंही सरकार हौसेने पुढे येत नाही.

फेब्रुवारी 2025 मध्ये दिल्ली सरकार भाजपकडे आलं, एप्रिलमध्ये महापौरपदही. केंद्र आधीपासून त्यांचंच, त्यामुळे एनडीएमसी आणि छावणीही त्याच छत्राखाली. प्रचारात याला ‘ट्रिपल इंजिन’ म्हटलं गेलं. दहा वर्षं जे एकमेकांच्या नावाने खपवलं गेलं ते खपवायला आता दुसरं घर उरलेलं नाही. स्थायी समिती बसली आहे, सही करणारी माणसं खुर्चीत आहेत. येत्या मार्चमध्ये निगमच्या शाळांतून पाचवीच्या याद्या पुन्हा निघतील. त्यांत वाचनाचा एक रकाना घालायला स्थायी समितीची मंजुरी लागत नाही, पाच कोटीही लागत नाहीत. दोन शिक्षण विभागांच्या प्रमुखांनी एका कागदावर सह्या केल्या की पुरे. तो कागद अजून निघालेला मी पाहिलेला नाही.